पाठीमागचा केर

रविवार, २ नोव्हेंबर

आलो एकदाचे बुलढाण्याला. टेम्पोवाल्याने फ्रिज आडवा घालून आणला, त्यामुळे तो उद्यापर्यंत लावायचा नाही, आणि शेगडी कुठल्या खोक्यात गेली ते कुणालाच ठाऊक नाही. दुपारी पोहे बाहेरून आणले. पण घर मला फार आवडलंय. नाशिकच्या दोन खोल्यांत आम्ही लग्नापासून एकमेकांच्या कोपरांना धडकत राहिलो, आणि इथे हॉलमध्ये सायकल चालवता येईल. सगळं एकाच मजल्यावर आहे. गच्चीवरून घाटाकडचा उतार दिसतो आणि हवा इतकी गार की पंख्याची आठवण नाही.

गोकुळला बियाण्यांच्या कंपनीने इकडचा भाग दिला, म्हणून हा सगळा खटाटोप. शेडनेटच्या जाळीखाली मिरची-टोमॅटोचं बियाणं तयार करणाऱ्या शेतकऱ्यांचे प्लॉट त्याने बघायचे. बीबी, देऊळगाव राजा आणि त्याचं स्वतःचं गाव साखरखेर्डा, जिथे सासूबाई आणि माझे दीर गोविंदा शेती बघतात. म्हणजे नवरा पगार घेऊन माहेरी जाणार आणि मी इथे लॅपटॉपवर नाशिकच्या ऑफिसची बिलं तपासणार.

घरमालक शालिग्राम काका मुलाकडे पुण्याला गेले. पडदे, दिवाण आणि एक सफाईचं मशीन आमच्यासाठी ठेवून गेले. थाळीएवढं गोल, चपटं मशीन आहे. झाडतं, पुसतं, आणि काम झालं की स्वतःच आपल्या खांबासारख्या स्टँडवर जाऊन बसतं. स्टँड त्याच्या पोटातला कचरा खेचून पिशवीत भरतो आणि पोछाही धुतो. मी त्याचं नाव ठमी ठेवलं. मी लग्नात इतकी भांडी आणली, त्यापेक्षा हिला आणलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ठमी हुशार आहे. आज गोकुळ कामावर निघाला, दार लागलं, आणि ही आपली आपण निघाली. स्टँडवरून उतरताना हिंदीत म्हणाली, "घर खाली है. सफाई शुरू." मी समोर सोफ्यावर बसलेली. मला काय भिंत समजते की काय!

नंतर कळलं, दाराच्या चौकटीला बोटाएवढी पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. माणूस बाहेर गेला की ती ठमीला कळवते. प्रज्वलने, म्हणजे शालिग्राम काकांच्या मुलाने, तशी सोय करून ठेवली असणार. फोनवर घराचा नकाशाही उमटतो. त्यात प्रज्वलने खोल्यांना नावं दिलीत. आम्ही झोपतो ती 'आईची खोली' आहे. काकू वारल्या एवढं काकांनी घर दाखवताना सांगितलं होतं.

फरशी अशी चकचकीत झाली की मी अनवाणी फिरत राहिले. कंबर न वाकवता हे सुख मिळतंय म्हटल्यावर मी कशाला काही बदलू?

रविवार, ९ नोव्हेंबर

सासूबाईंचा फोन आला तेव्हा गोकुळ नुकताच बाहेर पडत होता. ठमीची घरघर त्यांना फोनमधून ऐकू गेली. कसला आवाज म्हणून विचारलं, मी कौतुकाने सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "काऊन वं, माणूस उंबऱ्याबाहेर पडला न पडला तर झाडू? कोणाच्या मागून झाडत नसते. मढं उचलून नेल्यावर झाडतेत तसं."

मी हसून म्हटलं, मशीनला काय कळतं. त्या हसल्या नाहीत. माणूस गल्ली ओलांडून जाऊ द्यायचा, मग केर काढायचा, नाहीतर त्याच्या परत यायच्या वाटेवर झाडू फिरतो, असं त्यांनी मला लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. मी हो हो केलं. माझी आईही असं काहीतरी म्हणायची, पण तिला कामवाली होती आणि ती तिला वाटेल तेव्हा झाडायची.

गोकुळला संध्याकाळी सांगितलं तर म्हणाला, आईचं ऐकत बसलीस तर केर फक्त एकादशीला निघेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज गोकुळ येऊन हसत सुटला, पण हसू मनापासून नव्हतं. बीबीचे इंद्रभान म्हणून शेतकरी आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या शेडनेटमध्ये बसून हा पिठलं-भाकरी जेवून आला होता. आज त्यांनी त्याला दारातच थांबवलं आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. कंपनीचं ओळखपत्र दाखवलं तेव्हा आत घेतलं. गोकुळ म्हणाला, वयामुळे झालं असेल. इंद्रभान चाळिशीचेही नाहीत असं त्यानेच मला आधी सांगितलं होतं.

आणखी एक गंमत. सकाळी मी एकच कप चहा टाकला. गोकुळ समोर उभा, आणि मी एक कप गाळून स्वतःच पीत बसले. त्याने टेबलावर टकटक केलं तेव्हा ध्यानात आलं. म्हणाला, नव्या घरात आल्यावर नवरा नकोसा झाला वाटतं. मी त्याला चहा करून दिला आणि वर दोन बिस्किटं जास्त दिली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मला हे लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

गोकुळ अंघोळ करून पाय न पुसता हॉलमधून जातो. या सवयीवरून आमची कायम भांडणं. आज तो तसाच गेला, मी ओरडायला तोंड उघडलं, आणि फरशी कोरडी होती. त्याच्या पायांवरून पाणी ठिबकत होतं. मी वाकून हात फिरवला. कोरडी ठक्क.

तो गेल्यावर ठमी निघाली. आज पहिल्यांदा मी फोनवर तिची रेघ बघितली. ती घरभर फिरतच नाही. पलंगाच्या त्याच्या बाजूपासून न्हाणीघर, तिथून आरसा, तिथून त्याची खुर्ची, तिथून दार. तो जसा चालला तशीच. खुर्चीपाशी तो चपला बदलायला वळला होता, तिथे ती वळली. सोफ्याखाली माझे केस पडलेत, शेंगदाण्याची सालं पडलीत, त्यांना तिने हात लावला नाही.

मग ती स्टँडवर गेली, आणि कचरा खेचताना होतो तो मोठा आवाज झाला. मी पिशवी काढून बघितली. आम्ही आल्यापासून ती रोज भरतेय म्हणायचं. आत काही नव्हतं. धुळीचा कण नव्हता. पांढरी स्वच्छ, दुकानातून आणल्यासारखी.

मग रोज ती खेचून काय नेते?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शालिग्राम काकांना फोन केला. दारावरची पट्टी काढू का, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, काढा. आणि फोन ठेवलाच नाही. मग आपणहूनच सांगायला लागले.

काकू हॉलमध्येच गेल्या. तिरडी उचलली, आणि रीत म्हणून मागे घर झाडायचं होतं. बायका रडत होत्या, झाडू कुणी हातात घेईना. मग प्रज्वलने मोबाइलवरून मशीन सुरू केलं. मशीनने सगळं घर झाडलं, पुसलं. संपल्यावर मोबाइलवर विचारलं, यापुढे माणूस घरातून गेला की असंच करू का? प्रज्वलने रडत रडत हो दाबलं.

मी सहज काकूंचं नाव विचारलं.

काका "प्रज्वलची माय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "नाव होतं तिचं. मले आठवत नाही. पोराले इचारलं, त्यालेही आठवत नाही. फोटोत एक बाई दिसते, पण ते कोण हाय हे सांगता येत नाही. म्हातारपण असंन, म्हणून कोणाजवळ बोललो नाही."

पण प्रज्वल काही म्हातारा नाही.

मी पट्टी खरवडून काढली. कचऱ्यात टाकली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पट्टी नाही, तरी गोकुळ गेला आणि ठमी निघाली. "घर खाली है."

मी तिला उलटी करून धरली. चाकं हवेत फिरत राहिली. खाली ठेवल्यावर पुन्हा त्याच जागेवरून सुरू.

संध्याकाळी गोकुळच्या ऑफिसमधून फोन. तो समोर बसलेला असताना, ते मला विचारत होते की या भागाला अजून माणूस मिळालेला नाही, तुमच्या ओळखीत कुणी आहे का. गोकुळने माझ्या हातातून फोन घेतला आणि ओरडून स्वतःचं नाव सांगितलं. तिकडून विचारलं, कोण बोलतंय?

तो माझ्याकडे बघत राहिला. माझा नवरा घाबरट नाही. विहिरीत उतरून मोटार काढणारा माणूस आहे. आज त्याने खिशातून ओळखपत्र काढून स्वतःचं नाव वाचलं. मी त्याला घट्ट धरून बसले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ठमीची वायर उपटली. तिला पोत्यात घालून वर सुतळी बांधली आणि स्टँड गच्चीवर नेऊन टाकला. बसा आता तिकडे.

गोकुळ नोकरी वाचवायला देऊळगावला निघाला. मी दार लावलं. घर शांत. घरघर नाही. इतकं बरं वाटलं की मी देवापुढे उदबत्ती लावली.

मग बघते तर हॉल झाडलेला. पलंगापासून न्हाणी, आरसा, खुर्ची, दार.

केरसुणी माझ्या हातात होती.

मी झाडलं. मला आठवत नाही. उदबत्तीची राख अजून हातावर आहे, आणि केरसुणीच्या काड्या तळव्यात रुतल्यात. मीच झाडलं त्याच्या मागे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तो समोर नसला की मला त्याचा चेहरा आठवत नाही. समोर असला की आठवतो. काल मी झाडल्यापासून असं झालंय. कपाळावर खूण आहे, हे आठवतं. डाव्या बाजूला की उजव्या, हे नाही.

त्याला सांगितलं नाही. सांगू कसं?

सासूबाईंना बोलावलं. त्या उद्या पहिल्या एसटीने येतात.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सासूबाई आल्या. बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, आणि कपाळाला आठ्या. लेकराच्या तोंडावरून हात फिरवून दारातच बोटं मोडली. मला रागावल्या नाहीत. मी रडले तर म्हणाल्या, मी आहे आता.

घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठं आहे. गोकुळ बाहेर गेला नाही. दिवसभर कुणी झाडलं नाही. फरशीवर धूळ दिसली तर जीव भांड्यात पडला.

रविवार, २३ नोव्हेंबर

सासूबाईंना खात्री करायची होती. माणूस गेल्यावर त्या जागी पीठ पसरून, दिवा लावून, वर टोपलं पालथं घालतात. दुसऱ्या दिवशी पिठात कसला ठसा उमटला ते बघतात. म्हणजे कुठे गेला ते कळतं. जित्या पोरासाठी पीठ पसरायची पाळी कुणा आईवर येऊ नये, असं त्या म्हणाल्या. आणि पसरलं. दिवा नाही, टोपलं नाही. फक्त उंबऱ्याच्या आत बाजरीचं पीठ.

गोकुळला दाराबाहेरच्या ओट्यावर उभं केलं. आत ये म्हटलं. तो आला. पिठावरून चालत आला. भर दुपार होती, लख्ख उजेड होता.

पिठावर काही नाही. एक बोटसुद्धा नाही.

त्याने खाली बघितलं. मग पाय आपटला. पुन्हा आपटला. पीठ तसंच.

तो गच्चीवर निघून गेला. जिना ओट्यावरून आहे, म्हणजे दाराबाहेर. मी त्याच्यामागे धावले. त्याला घेऊन परत आले तेव्हा सासूबाई गुडघे टेकून पीठ झाडत होत्या. सुपलीत भरत होत्या. तोंडाने एक जुनी ओवी गुणगुणत होत्या.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी गोकुळ जेवायला बसला. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, भाकरी वाढली आणि विचारलं, "पाव्हणं, कोणत्या गावचं म्हणायचं?"

त्याने भाकरी खाली ठेवली. आई, असं म्हणाला. एवढंच. त्या संकोचून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, तुमची मुलं किती? एकच, गोविंदा, म्हणाल्या. मग मी कोण? सूनबाई. कुणाची बायको? त्या हसल्या. आता हे काय इचारतीस, म्हणाल्या, आणि कढीला फोडणी दिली.

जो झाडतो त्याच्यातून तो जातो. मशीनने झाडलं तेव्हा बाहेरच्यांतून गेला. सासूबाईंनी झाडलं, त्यांच्यातून गेला. मी नकळत झाडलं. माझ्यात तो अर्धा उरलाय. आता फक्त मीच.

मी झाडणार नाही. मी झाडणार नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

घर सोडायचं ठरलं. आजच. आम्ही दोघं आणि सासूबाई. पण गाडी मिळेना. गोकुळ फोन लावतो, लोक बोलता बोलता विसरतात, फोन ठेवतात. मी लावते तर म्हणतात, इतक्या लांबचं भाडं उद्या बघू. शेवटी तो म्हणाला, चौकात जाऊन समोरून घेऊन येतो, समोर असलो की माणसं बोलतात. एकत्र जाऊ म्हटलं तर सासूबाई अनोळखी माणसासोबत उंबरा ओलांडायला तयार नाहीत, आणि त्यांच्या हाताशी केरसुणी ठेवून मी जाणार कशी? केरसुणी मी माळ्यावर टाकली.

त्याने माझे हात ओढणीने खिडकीच्या गजाला बांधले. मीच सांगितलं बांध म्हणून. वही गुडघ्यावर आहे, बोटं मोकळी आहेत. गाठ मारताना तो रडला. म्हणाला, "प्रेरणा, मी येईपर्यंत माझं नाव घेत राहा."

गोकुळ. गोकुळ. गोकुळ. खूण उजवीकडे आहे. आत्ताच बघितली. गोकुळ. विहिरीत उतरतो. पाय पुसत नाही. गोकुळ —

गेला. दार लागलं.

बोटं वळवळतात. गाठ घट्ट आहे. गोकुळ. फरशीवर धूळ आहे, राहू दे. गोकुळ. झाडलं नाही. कुणीच झाडलं नाही. गोकुळ —

सासूबाई अंघोळ करून आल्या. हातात केरसुणी. माळ्यावरून कशी — झाडायला लागल्या. म्हातारं माणूस, वाकून. गुडघे दुखतात त्यांचे. मी ओरडले. त्या माझ्याकडे आल्या, अगं बाई, हे कोणी बांधलं म्हणाल्या, गाठ सोडली. मनगटं चोळून दिली.

पुन्हा झाडायला लागल्या. घरात सून असून सासूने झाडायचं. मला लाज वाटली. म्हटलं, द्या इकडे, तुम्ही कशाला —

पलंगापासून न्हाणी, आरसा, खुर्ची, दार.

त्यांनी विचारलं, "कोण गेलं वं आत्ता बाहेर?"

मी म्हटलं, कोणी नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर, दुपार

घर छान दिसतंय. जरा मोठं आहे, पण आम्हा दोघींना बरं. ठमीला कुणीतरी पोत्यात घालून सुतळी बांधली होती. कमाल आहे लोकांची. सोडली, स्टँड गच्चीवरून आणला, वायर लावली. लगेच दिवा लागला.

वर पानभर एकच नाव लिहिलंय. अक्षर माझं दिसतं. गावातलं कुणी असेल.

दार वाजतंय.

खिडकीतून बघितलं. ओट्यावर एक माणूस आहे. मागे गाडी उभी. गाडी आणली, चला लवकर, म्हणतो. आम्हाला कुठे जायचंय? सासूबाई म्हणतात, उघडू नको, अनोळखी आहे.

ठमी स्टँडवरून उतरून दारापाशी जाऊन थांबलीय.

तो माझं नाव घेतोय. याला माझं नाव कसं —

रडतोय. उजव्या बाजूला कपाळावर काहीतरी —